डिझेल बुलेटचं दावं

श्रीरंगकडे नऊ मोटरसायकली आहेत आणि त्यातली एकही त्याने शोधलेली नाही. त्या त्याच्याकडे चालत आल्या. राजदूत साडेतीनशे, जिच्यासाठी लोक जीव टाकतात, ती त्याच्या मावशीच्या गोठ्यात कडब्याखाली पडली होती. मावशी म्हणाली, एवढी अडगळ काढून ने रे बाबा. लष्कराच्या लिलावातली हिरवी बुलेट त्याच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दारात आणून उभी केली. आणि मी? साताऱ्यातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून लावून मी उभ्या महाराष्ट्रातले भंगारबाजार पालथे घातले, तेव्हा कुठे माझ्याकडे तीन गाड्या झाल्या. अडीच म्हणा, कारण तिसरीला इंजिन नाही. श्रीरंग माझा शाळेपासूनचा जिवाभावाचा मित्र आहे आणि त्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की माझ्या पोटात दुखायला लागतं.

म्हणून मला डिझेल बुलेट पाहिजे होती. ती श्रीरंगकडे नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एके काळी डिझेलवर चालणारी बुलेट निघाली होती. धूर काळाकुट्ट, वेग बेताचा, आवाज थेट विहिरीवरच्या इंजिनाचा. पण थोडक्या डिझेलात इतकी लांब जायची की दूधवाले आणि शेतकरी तिच्यावर खूश असत. पुढे ती निघायची बंद झाली, बहुतेक भंगारात गेल्या, आणि भंगारात गेल्यावर आमच्यासारख्या वेड्यांना तिची आठवण झाली. आता चालू हालतीतली, मूळ इंजिनाची डिझेल बुलेट बघायला मिळायलाही नशीब लागतं.

ते नशीब माझ्या दुकानात चष्म्याची काडी बसवायला आलं. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षव्यापारी सासुरवाडीला साताऱ्यात आले होते. काडी बसेपर्यंत बोलणं निघालं, भिंतीवरचे माझ्या गाड्यांचे फोटो त्यांनी पाहिले आणि म्हणाले, आमच्याकडे नानांची एक डिझेलवाली आहे, पोळ्याला बैलांत उभी करतात. मोबाइलवर फोटोही दाखवला. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

नाना म्हणजे पिंपळगावच्या पुढे, हायवे सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावातले सत्तरीचे शेतकरी. द्राक्षं, कांदा, थोडा टोमॅटो. त्यांना मी कितीतरी महिने फोन करत राहिलो. आधी ते नाही म्हणत होते, मग हवापाण्याचं बोलू लागले, मग एकदा म्हणाले की गुडघा गेला, किक बसत नाही, पोरं हसतात तिला, तुम्हाला देऊन टाकू. व्यवहार फोनवरच ठरला, पैसे गाडी नेताना द्यायचे. पोळ्याला या, म्हणाले, सजलेली दिसेल, आणि पोळा झाला की घेऊन जा.

इथे मी माती खाल्ली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी श्रीरंगच्या दुकानात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. का सांगितलं? त्याचं तोंड बघायला. एकदा तरी त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. तर तो गडी खुलला. म्हणाला, "वा मध्या! कधी निघायचं?"

सातारा ते नाशिक

मी माझ्या येझदीवर आणि तो राजदूत साडेतीनशेवर, असे आम्ही पोळ्याच्या दोन दिवस आधी निघालो. पुण्यापर्यंतचं काही लिहिण्यासारखं नाही, तो रस्ता कुणाला सांगायला नको. पण प्रत्येक सिग्नलला लोक काचा खाली करून राजदूतकडे बघायचे. माझ्या येझदीकडे बघायचे ते बाजूला हो म्हणायला.

चंदनापुरीच्या घाटात माझी क्लचवायर तुटली. पाऊस भुरभुरत होता, ट्रक अंगावरून जात होते, आणि माझ्याकडे दुसरी वायर नव्हती. श्रीरंगने डिकीतून पिशवी काढली, तर तिच्यात येझदीची नवी कोरी क्लचवायर. राजदूत चालवणाऱ्या माणसाकडे येझदीची वायर कशी, तर म्हणे तुझी जुनी झालेली बघितली होती गेल्या महिन्यात, म्हणून घेऊन ठेवली. आता यावर माणसाने काय करावं? आभार मानले. ती वायर बसवताना माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो त्या घाटातल्या गारव्यातही शमला नाही.

संध्याकाळी नाशिकला पोचलो आणि एका साध्या लॉजवर मुक्काम केला. सकाळी मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव आणि कांदा-लिंबू, विषय संपला. इथे वर भाजलेला पापड, वाटीत दही, आणि रस्सा मागाल तितका. मी दोनदा मागितला. श्रीरंगला न मागता तिसऱ्यांदा वाढला. हॉटेलवाल्याला राजदूतवर फोटो काढायचा होता.

खांदेमळणी

नाशिक सोडून आग्रा रोडने निघालं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. या दिवसांत घड नसतात, नुसता हिरवा पाला मांडवावर चढलेला असतो. पिंपळगावात टोमॅटोचा हंगाम चालू होता. कॅरेटांनी भरलेले टेम्पो रस्ताभर, कोल्ड स्टोरेजच्या फाटकांशी रांगा, आणि हवेत टोमॅटोचा आंबूस वास. तिथून आत वळलो आणि दुपार कलता कलता नानांच्या वस्तीवर पोचलो.

नाना उंच, काटक, टोपी डोक्यावरून कधी न काढणारे. त्यांची बायको, जिला सगळे माई म्हणतात, तिचं माहेर सटाण्याकडचं. ती बोलताना मधूनच 'आहे'ला अहिराणीतलं 'शे' म्हणायची आणि नाना तिला त्यावरून चिडवायचे. मला दोघंही पहिल्या भेटीत आवडली. त्यांनाही मी आवडलो असं मला वाटलं, कारण नाना म्हणाले की फोनवरचे साताऱ्याचे भाऊ तुम्हीच ना, आवाजावरून बारीक वाटले होते. मग त्यांचं लक्ष राजदूतकडे गेलं.

बुलेट गोठ्यात होती. गोठ्यात आता बैल नाहीत, दोन गायी आणि एक म्हैस. बैलांच्या जागेवर, गव्हाणीसमोर, ती उभी. मी जवळ जाऊन वाकलो. मूळ इंजिन, मूळ टाकी, मूळ दिवा. डाव्या अंगाला पट्टा घासून गुळगुळीत झालेल्या खुणा. नाना म्हणाले की बैल विकले त्या सालापासून हिने कडबा कापला. मागचं चाक उचलून, टायर काढून, रिमवर पट्टा चढवायचा आणि कडबाकुट्टी चालवायची. सकाळी दूध डेअरीत, दुपारी कुट्टी, बाजाराच्या दिवशी पिंपळगाव. बैलाचं काम केलं, म्हणून बैलाचा मान.

आमच्या साताऱ्याकडे बेंदूर आषाढातच होऊन जातो आणि बैल नसेल त्या घरी मातीचे बैल पुजतात. इथे श्रावणातल्या अमावस्येला पोळा, आणि आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे हळद-लोणी लावून चोळतात. नानांनी वाटीत हळद कालवली, लोणी घेतलं, आणि बुलेटच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही दांड्यांना वरून खाली हात फिरवून मळायला लागले. मळून झाल्यावर दिव्याच्या काचेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

मला हसू आलं. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला चिंता पडली की हळदीचे डाग त्या जुन्या रंगावरून जातील का. श्रीरंग मात्र बाह्या सरसावून दुसरी दांडी मळायला बसला होता.

पोळा

पोळ्याच्या सकाळी मी अंघोळ करून गोठ्यात गेलो. नाना हँडलची दोन्ही टोकं लाल हिंगुळाने रंगवत होते. बैलाची शिंगं रंगवतात ना, तशी. मूळ क्रोम! आमच्यात लोक त्या क्रोमवर मऊ फडक्याशिवाय बोट लावत नाहीत. मी भीत भीत म्हणालो, नाना, रंग नको, नुसता हार घाला. नाना म्हणाले, शिंगं रंगवल्याबिगर कसला पोळा. आणि दुसरा ब्रश श्रीरंगच्या हातात दिला. त्या गाढवाने डावं टोक रंगवलं, वर बेगडही चिकटवली.

दिव्यावर बाशिंग चढलं. सीटवर झूल आली, घुंगुरमाळ हँडलला लागली. मग मी म्हणालो की आता चालू करून बघू या, मारुतीपर्यंत चालवत नेऊ. मी महिनोन् महिने त्या आवाजाची वाट बघत होतो. नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

"आज पोळा हे, भाऊ," ते म्हणाले. "आज तिला कामाला नाय लावायचं."

मग ढकलत नेली. पुढे गावातले उरलेसुरले बैल, मागे दोन-तीन ट्रॅक्टर आणि मध्ये आमची बुलेट, हलगीच्या तालावर घुंगरं वाजवत. नानांनी एका बाजूचं हँडल धरलं आणि दुसऱ्या बाजूचं, मी पुढे होईस्तोवर, श्रीरंगने पकडलंही होतं. मी मागून सीट ढकलली. गावातली माणसं हसत नव्हती, हेही सांगायला हवं. एक म्हातारी येऊन दिव्यावर कुंकू लावून गेली आणि जाताना तिने श्रीरंगला विचारलं की गाडी तुम्हीच नेताय ना. श्रीरंगने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बरं म्हणाली.

घरी आल्यावर माईंनी बुलेटला ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास टाकीवर ठेवला. मग आमची पंगत. माहेरची सवय म्हणून माई पोळ्या खापरावर करतात. पालथ्या खापरावर भाजलेल्या, हातरुमालाहून मोठ्या, कागदासारख्या पातळ. आमच्याकडची पुरणपोळी तिच्यापुढे इवलीशी चानकी वाटावी. बरोबर काळ्या मसाल्याचं सार, कुरडई, भजी आणि वाडगाभर दूध. घरी मी दोन पोळ्यांवर आडवा होतो. इथे किती खाल्ल्या ते बायकोला सांगितलेलं नाही. जेवताना श्रीरंगने माईंना कुरडईचं सगळं विचारून घेतलं, गहू किती दिवस भिजवायचा वगैरे, आणि माईंनी त्याला बांधून द्यायला एक डबाच काढला. मी दूध पीत मनाशी म्हटलं, ने बाबा कुरडया. गाडी माझी आहे.

दुसरा दिवस

सकाळी नानांनी झूल आणि बाशिंग काढून ठेवलं आणि म्हणाले, करा चालू. इथे मात्र मी पुढे झालो, श्रीरंगला मध्ये येऊच दिलं नाही.

डिझेल बुलेट नुसत्या ताकदीने चालू होत नाही. इंजिनाच्या डोक्यावर एक बोटभर लांबीची दांडी असते. ती उचलली की आतला दाब सुटतो आणि किक हलकी होते. दोन-तीन किका मारून इंजिन फिरतं करायचं आणि नेमक्या क्षणी दांडी सोडायची. क्षण चुकला तर किक उलटी येऊन नडगी फोडते. मी हे वाचून, विचारून, मनातल्या मनात शंभरदा केलेलं होतं. दांडी उचलली, किक मारली, सोडली. गाडीने एक काळा ढेकर दिला आणि चालू झाली. धड, धड, धड, धड. म्हैस उठून उभी राहिली. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

"जमतं तुम्हाला," नाना म्हणाले. त्या दोन शब्दांत ती माझी झाली होती. श्रीरंग टाळ्या वाजवत होता.

पिंपळगावहून टेम्पो बोलावला होता, तो दारात आला. गाडी चढवायच्या आधी नाना पान्हा घेऊन आले, वाकले, आणि त्यांनी ती दांडी खोलून काढली. मला कळेना. दांडी त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसली आणि गोठ्यातल्या खुंटीकडे गेले. खुंटीवर जुनी दावी टांगलेली होती, विकलेल्या बैलांची. त्यांच्यात त्यांनी दांडी सुतळीने बांधली.

नानांनी समजावून सांगितलं. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नसतं. दावं घरात राहिलं की घरची बरकत घरात राहते. या गाडीला दावं नाही, पण रोज सकाळी पहिला हात या दांडीला लागायचा, म्हणून हेच तिचं दावं. नवी दांडी कुठलाही लेथवाला करून देईल, काळजी नको.

इथे गप्प बसायचं होतं. कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण माझ्यासारख्या माणसाला एकच रोग असतो, सगळं मूळचं पाहिजे. नटाला नट मूळचा पाहिजे. त्या दांडीवर कारखान्याचा शिक्का होता, मी सकाळी अंगठ्याने चाचपला होता. तेवढी एक दांडी नसली की माझी गाडी पूर्ण मूळची राहणार नव्हती, आणि मग श्रीरंगच्या राजदूतला, जिचा आरसासुद्धा मूळचा आहे, मी कशाने हरवणार होतो?

मी बोलायला लागलो. आधी गोडीत, मग जरा चढ्या आवाजात. म्हणालो, दांडी गाडीचा भाग आहे, व्यवहार अख्ख्या गाडीचा झाला. नाना ऐकत होते. मग मला वाटलं आपण मोठी अक्कल लढवली. खूप वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याकडे मला अशीच एक दांडी मिळाली होती, गाडी मिळायच्या आधीच घेऊन ठेवलेली. मी म्हणालो, नाना, माझ्या घरी हुबेहूब अशीच आहे, ती तुम्हाला पाठवतो, ती टांगा खुंटीला, ही मला द्या.

 मग दारात उभ्या माई शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जनावराचं दावं आमच्या खुंटीला कशाला, भाऊ?"

तरीही मी थांबलो नाही. अशा वेळी माणसाच्या जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, मग दांडीशिवाय गाडी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. वाटलं होतं, इतक्या लांबून आलोय, टेम्पो दारात आहे, नाना नमतील. नानांनी पान्हा ठेवला.

श्रीरंग म्हणाला, "राहू द्या नाना. दावं तुमच्या घरातच राहू द्या."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. "मंग तुम्हीच घेऊन जा," ते म्हणाले.

श्रीरंग माझ्याकडे वळला. मी चपला घातल्या आणि द्राक्षबागेकडे निघून गेलो. पाल्याखाली उभा राहिलो. कोंबड्या होत्या तिथे, त्यांच्याकडे बघत राहिलो. मागे फळीवर चाकं चढल्याचा आवाज आला, मग सगळ्यांनी मिळून केलेला 'हं, जोर लावा' असा आवाज. वीस वर्षं हिंडलो मी, हा शोध माझा, फोन माझे, किक माझी. आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. निघताना माईंनी मलाही कुरडयांचा डबा दिला. मी तो घेतला, नाही म्हणायची ताकद नव्हती.

सिन्नर

टेम्पो पुढे, आम्ही मागे. नाशिक ओलांडून सिन्नरपर्यंत मी श्रीरंगशी एक शब्द बोललो नाही. हेल्मेट असल्याने ते खपून गेलं. पण समोर टेम्पोत, मागच्या फळीवरून, ती दिसत होती. हँडलची लाल टोकं, डाव्या टोकावरची अर्धवट सुटलेली बेगड वाऱ्यावर फडफडत होती. इतकी वाईट रंगवलेली आणि इतकी देखणी गाडी मी आजवर पाहिली नाही.

सिन्नरच्या अलीकडे टेम्पोवाल्याला चहा प्यायचा होता, म्हणून थांबलो. श्रीरंगने दोन चहा आणि भजी सांगितली. मग खिशातून हँडललॉकची किल्ली काढली आणि माझ्या कपाशेजारी ठेवली.

"मध्या, ही तुझीच आहे," तो म्हणाला. "तू शोधलीस. तिथे म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून मी घेतली. साताऱ्यात थेट तुझ्या दारात उतरवू."

मी किल्लीकडे बघितलं. छोटी, पितळेची, वापरून झिजलेली. मला ती इतकी पाहिजे होती की बोट आपोआप हललं. पण त्याच्या हातून? त्याने द्यायची आणि मी घ्यायची? उद्या माझ्या दारात चार माणसं जमली की म्हणतील, ही कुठली रे, आणि मी म्हणायचं, श्रीरंगने दिली. आधीच त्याच्याकडे नऊ गाड्या, त्यात माझ्यावरचे उपकारही त्याचेच.

"नको," मी म्हणालो. "दांडी नाही, हँडलला रंग फासलेला. असली गाडी मी घेत नाही. तू ठेव."

श्रीरंगचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. म्हणाला, मला वाटलं होतं तू घेशीलच. पण खरं सांगू का मध्या, मला ती फार आवडली रे, काल ढकलतानाच आवडली. आणि त्याने किल्ली उचलून खिशात टाकली.

आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? लेकाने आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, शपथेवर सांगतो. माझा चहा निवला होता, तरी मी तो घोट घोट करून प्यायलो, त्याला विचारायला वेळ मिळावा म्हणून. तो भजी खात टेम्पोकडे बघत बसला होता. चहा संपला, टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, आणि आम्ही निघालो.